ओवीचा फेर आणि यंत्राचा फेर

लोकसाहित्याच्या ध्वनिमुद्रणांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा संकलनापाशी थांबते. कोणी, कोठे आणि किती गोळा केले याची नोंद होते. पण गोळा केलेला आवाज श्रोत्यांपुढे ठेवण्याआधी त्याचे काय केले गेले, याकडे साहित्याचे अभ्यासक सहसा वळत नाहीत. ते काम तांत्रिक, म्हणून आपल्या कक्षेबाहेरचे, असा आपला समज आहे. हा समज चुकीचा आहे असे मला वाटते. ध्वनिफितीचा तुकडा कापणे, तो फिरवून फिरवून लांबवणे आणि शेवटी हळूहळू विरवून टाकणे या तिन्ही क्रिया संहितेवर केलेल्या संपादकीय क्रिया आहेत, आणि संपादकाला जी जबाबदारी लागू होते ती त्यांनाही लागू व्हायला हवी. हे मत कोणत्याही सिद्धान्ताच्या वाचनातून आलेले नाही, माझ्या हातून झालेल्या एका चुकीतून आले आहे. ती चूक आधी सांगतो.

१९९४ च्या दिवाळीत माझ्या आजीच्या काही ओव्या मी कॅसेटवर मुद्रित केल्या होत्या. उमरेडच्या आमच्या घरात तोवर जाते कोपऱ्यात गेलेले होते, दळण विजेच्या चक्कीवर जात होते. माझ्या आग्रहाखातर आजीने जाते पुसून पुढे ओढले, मूठमूठभर हरभऱ्याची डाळ वैरली आणि खुंटा धरला. पुढे काही वर्षांनी ती गेली. २००६ साली एका महाविद्यालयात लोकसाहित्यावर चर्चासत्र होते. पाहुणे येऊन बसेपर्यंत सभागृहात पाचेक मिनिटे जात्यावरची ओवी ऐकू यावी अशी कल्पना निघाली, आणि ते काम अर्थातच माझ्याकडे आले. कॅसेट संगणकावर उतरवून घेतली होती. तिच्यात अखंड आणि स्वच्छ असा भाग होता तो जेमतेम ४३ सेकंदांचा. त्याची पाच मिनिटे करायची होती.

हे काम मी ‘सॉक्स’ या आज्ञावलीने केले. १९९१ साली लान्स नॉर्सकॉग यांनी लिहिलेली आणि पुढे ख्रिस बॅगवेल यांच्यासह अनेकांनी वाढवत नेलेली ही मुक्त आज्ञावली आजही वापरात आहे. तिला खिडक्या नाहीत, बटणे नाहीत, ध्वनीचे चित्रही ती दाखवत नाही. काय हवे ते एका ओळीत लिहायचे आणि एंटर दाबायचे. माझी ओळ देवनागरीत मांडली तर अशी होती: ‘सॉक्स आजी.वेव्ह ओवी.वेव्ह ट्रिम १२.४ ४३ रिपीट ६ फेड टी ३ ३०१ ८’. अर्थ सोपा आहे. ‘आजी’ नावाच्या फायलीतली सुरुवातीची १२.४ सेकंदे सोडून द्या आणि पुढची ४३ सेकंदे घ्या. ती आणखी सहा वेळा पुन्हा जोडा, म्हणजे एकूण सात आवर्तने, ३०१ सेकंदे. पहिल्या तीन सेकंदांत आवाज शून्यातून वर येऊ द्या, शेवटच्या आठ सेकंदांत तो शून्यात जाऊ द्या. ‘टी’ म्हणजे ही चढ-उतार सरळ रेषेत हवी. जेथे एक आवर्तन संपून दुसरे सुरू होते तेथे ध्वनिलहरीची दोन टोके जुळली नाहीत तर ‘टक्’ असा आवाज येतो. तो येऊ नये म्हणून जात्याच्या पाळीचा फेरा पूर्ण होईल अशी जागा मी बराच वेळ खपून शोधली होती. सांधा कोणाला कळणार नाही, याचा मला अभिमानही वाटला होता.

चर्चासत्राला मी आजीच्या धाकट्या बहिणीला मुद्दाम घेऊन गेलो. ती पहिल्या रांगेत बसली होती. ओवी सुरू झाली तशी ती सावरून बसली, डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या आवर्तनाला तिने माझ्याकडे पाहिले. चौथ्याला ती म्हणाली, “इतका वेळ एकच ओवी कोन म्हन्ते बाप्पा? इचं दळन सरत नाही का?” आणि शेवटी आवाज विरत विरत बंद झाला तेव्हा तिने विचारले, “आन् मंग थे उठून कुठं गेली?”

हे दोन प्रश्न मी पुढे अनेक वर्षे मनात बाळगले. तंत्राच्या दृष्टीने माझ्या कामात खोट नव्हती. सांधा तिलाही कळला नव्हता. तिला कळले ते याहून मूलभूत होते. दळण न सरणारी ओवी तिच्या अनुभवात बसत नव्हती. आणि आवाज लहान लहान होत गेला याचा एकच अर्थ तिच्या कानाला ठाऊक होता: म्हणणारी बाई दूर चालली आहे.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. मौखिक परंपरेचा प्राणच आवर्तन आहे, मग यंत्राने एक आवर्तन वाढवले तर बिघडले काय, असा आक्षेप येऊ शकतो. अभंगाला ध्रुपद असते, आरतीला पालुपद असते, कीर्तनात एकच चरण टाळकरी पुन्हा पुन्हा उचलतात. ओवीतही म्हणणारी ओळ पुन्हा घेते. हे सगळे खरे आहे. पण या पुनरावृत्तीत दुसऱ्या वेळी येणारी ओळ पहिलीसारखी नसते. ओवी म्हणताना ‘बाई’, ‘गं’, ‘माझ्या’ असे शब्द जागा बदलून येतात. श्वास कमी पडला तर एखादे अक्षर गिळले जाते. वैरण घालण्यासाठी हात थांबला की सूरही लांबतो. टाळकऱ्यांनी उचललेला चरण हा बुवांच्या चरणाला दिलेला होकार असतो, आणि होकार कधी प्रतिध्वनीसारखा नसतो. ध्रुपद दहाव्यांदा येते तेव्हा मधल्या नऊ चरणांचा अर्थ त्याच्या अंगावर चढलेला असतो. म्हणून अभंगाचा फेर चक्राकार दिसला तरी तो पुढे सरकत असतो. यंत्राचा फेर पुढे सरकत नाही. त्यात काळ नाही. सातव्या आवर्तनातल्या आजीला पहिल्या सहा आवर्तनांची आठवण नाही. ग्रामोफोनच्या जमान्यात सुई एकाच खाचेत फिरत राहिली की ‘पिन अडकली’ म्हणत, आणि तेच तेच बोलणाऱ्या माणसालाही आपण अजून तसेच म्हणतो. धाकट्या आजीला नेमके तेच ऐकू आले होते: अडकलेली बहीण.

आता दुसरा प्रश्न, विरण्याचा. शेवटी आवाज हळूहळू कमी करत नेणे ही क्रिया आज इतकी सर्रास झाली आहे की ती क्रिया आहे हेच आपल्याला जाणवत नाही. गाणे असेच संपते, असे आपण धरून चालतो. वास्तविक यंत्राशिवाय असे काही घडवायचे तर माणसाला खरोखर दूर न्यावे लागते. गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने १९१४ ते १९१६ या काळात रचलेल्या ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंदरचनेच्या अखेरच्या भागात हे केले आहे. त्यात स्त्रियांचे समूहगान शेजारच्या खोलीतून ऐकू येते, आणि शेवटी त्या खोलीचे दार सावकाश मिटवले जाते. अखेरचे माप आवाज पूर्ण नाहीसा होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायचे, अशी सूचना संगीतलिपीतच दिलेली आहे. म्हणजे फेर आणि विलय दोन्ही, विजेशिवाय. पण तेथे दार आहे, दार मिटणारा माणूस आहे, आणि विषय नेपच्यून म्हणजे त्या वेळी ठाऊक असलेला सर्वांत दूरचा ग्रह आहे. दूर जाणे हाच आशय असल्यामुळे ती युक्ती आशयातून उगवते.

ओवीच्या आशयात दूर जाणे नाही. ओवी संपते ती वैरण संपली म्हणून. जात्याच्या तोंडातले दाणे सरले की दगडावर दगड घासल्याचा वेगळा, कोरडा आवाज येतो, हात थांबतो आणि गळाही थांबतो. श्रमगीताचा शेवट श्रमाच्या शेवटाशी बांधलेला असतो. अभंगाचा शेवट वेगळ्या प्रकारचा, पण तितकाच ठाम. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा आली की बोलणाऱ्याने आपली सही केली. मौखिक प्रवाहात वाहत जाणाऱ्या रचनेला ही सही एक काठ देते. गंमत अशी की, ध्वनिमुद्रणाच्या आरंभीही असाच काठ होता. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहरजान यांच्या तबकड्या मुद्रित झाल्या तेव्हा सुमारे तीन मिनिटांचे गाणे संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारत. परदेशातल्या कारखान्यात तबकडीवर योग्य नाव छापले जावे, एवढाच त्याचा व्यावहारिक हेतू सांगतात. तरीही आज ते ऐकताना तबकडीवरची ती नाममुद्राच वाटते. विलयात याच्या उलट घडते. रचनेला शेवट असतो हेच तो लपवतो. गाणे पुढे चालूच आहे, फक्त आपण ऐकायचे थांबलो आहोत, असा आभास तो देतो. चित्रपटगीताला तो शोभतही असेल. पण माझ्या आजीची ओवी पुढे चालू नव्हती. ती संपली होती, आणि आजीही.

येथे एका प्रसिद्ध उदाहरणाला सामोरे गेले पाहिजे, कारण ते माझ्या मताच्या विरुद्ध जाते. १९७१ साली लंडनच्या रस्त्यांवर राहणाऱ्या बेघर माणसांवरच्या एका चित्रपटासाठी काही मुद्रणे झाली. त्यात एका वृद्धाने म्हटलेली भजनाची एक ओळ होती, अर्ध्या मिनिटापेक्षाही लहान. ती गॅव्हिन ब्रायर्स या संगीतकाराकडे आली. त्याने तिचा फेर बनवला आणि लेस्टर येथील आपल्या महाविद्यालयात तो दुसऱ्या फितीवर उतरत असताना दार उघडे टाकून तो कॉफी आणायला गेला. परत येऊन पाहतो तर शेजारच्या चित्रकलेच्या वर्गातली माणसे नेहमीपेक्षा संथ हालचाली करत होती, काही जण एकटे बसून रडत होते. पुढे त्याने त्या फेराखाली हळूहळू वाद्यवृंद उभा केला, आणि ‘जीझस ब्लड नेव्हर फेल्ड मी येट’ ही विसाव्या शतकातली एक गाजलेली रचना झाली. तो वृद्ध मात्र ती ऐकण्याआधीच वारला.

मग यंत्राचा फेर निर्जीव असतो असे कसे म्हणावे? मला वाटते, फरक फेरात नसून फेराविषयीच्या प्रामाणिकपणात आहे. ब्रायर्सच्या रचनेत हा फेर आहे हे पहिल्या मिनिटातच श्रोत्याला कळते; ते कळावे अशीच योजना आहे. वृद्धाचा थरथरता सूर तसाच ठेवला आहे, त्याचा श्वास कापलेला नाही. तोच आवाज पुन्हा येतो तेव्हा बदलते ते खालचे संगीत आणि बदलतो तो श्रोता. ही ब्रायर्सची रचना आहे, वृद्धाच्या भजनाचा पुरावा म्हणून ती कोणी पुढे ठेवत नाही. मी मात्र सभागृहात जे वाजवले त्याला ‘जात्यावरची ओवी’ असे नाव दिले होते. सात आवर्तनांची ती वस्तू माझी निर्मिती होती. तिच्यावर नाव आजीचे होते.

या ठिकाणी साहित्याच्या अभ्यासकाला आपले घर ओळखू यावे. प्रक्षेप, पाठभेद, संपादकाचा हस्तक्षेप हे आपलेच जुने विषय आहेत. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात स्वतःची ओवी मिसळू पाहणाऱ्यांना जी तंबी देऊन ठेवली ती प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला माहीत असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. त्या आवृत्तीत जो पाठ तितका निश्चित नाही त्याच्याखाली नागमोडी रेषा मारलेली असते, आणि वगळलेले पाठ पानाच्या खाली दिलेले असतात. संपादकाने निवड केली, पण निवडीची खूण पुसली नाही. वाचक हवे तर त्याच्याशी भांडू शकतो. ध्वनिमुद्रणाच्या संपादनात अशी नागमोडी रेषा आपण कोठे मारतो? कोठेच नाही. उलट सांधा कळू नये यातच कौशल्य मानतो.

म्हणूनच मला ‘सॉक्स’सारख्या साध्या साधनाचे महत्त्व वाटते, आणि ते केवळ फुकट मिळते म्हणून नाही. माउसने ओढून, पडद्यावर पाहून केलेले संपादन बहुधा कोणतीही लेखी खूण मागे ठेवत नाही; तासाभराने स्वतःलाही सांगता येत नाही की नेमके काय कापले. आदेशाची ओळ मात्र मजकूर असते. ती वहीत उतरवता येते, छापता येते, दुसऱ्याने मूळ फायलीवर तीच ओळ चालवली तर त्याच्या हातीही तोच परिणाम येतो. ‘ट्रिम १२.४ ४३ रिपीट ६’ ही तळटीप आहे. जात्यावरच्या ओवीच्या मुद्रणाबरोबर अशी एक ओळ दिली, तर ती भांडारकरच्या पानाखालच्या टीपांच्या कुळात सहज बसेल. सरळ रेषेतला विलय की वक्र, हाही प्रश्न मग केवळ तांत्रिक राहत नाही. आपला कान आवाजाचा लहानमोठेपणा प्रमाणात मोजत असल्यामुळे सरळ रेषेतला विलय बराच वेळ जाणवत नाही आणि शेवटी एकदम कोसळतो. लॉगरिदमी विलय समान गतीने उतरल्यासारखा वाटतो. म्हणजे कोणत्या क्षणी बाई ‘उठून गेली’ असे श्रोत्याला वाटावे, हे संपादक ठरवत असतो. तो निर्णय त्याने उघड सांगायला काय हरकत आहे?

नोंदीची शिस्त म्हणजे काय याचा वस्तुपाठ आपल्याच भाषेत आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांतल्या अनेक ओव्यांची ध्वनिमुद्रणे झाली. पॉइतवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. २०१७ पासून ‘परी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया हा संग्रह क्रमाने प्रसिद्ध करू लागले, तेव्हा ओवीबरोबर म्हणणारीचे नाव, गाव, तालुका, वय, व्यवसाय, मुद्रणाची तारीख असे तपशील दिले गेले. ओवी कोणाची तरी असते, कोठली तरी असते, एका दिवशी म्हटलेली असते, ही जाणीव त्या नोंदींत आहे. त्यात आणखी एका रकान्याची भर सर्वच संग्रहांनी घालावी असे मला सुचवायचे आहे: या आवाजाचे आम्ही काय केले?

माझ्यापुरते सांगायचे तर हा रकाना मला फार उशिरा सुचला. वेव्ह फायलीला मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट लागतात; तासाभराची कॅसेट सहाशेच्या घरात जाते. २००६ मधल्या माझ्या संगणकाला ते जड होते. चर्चासत्र पार पडल्यावर ‘ओवी.वेव्ह’ ठेवली आणि ‘आजी.वेव्ह’ पुसून टाकली. कॅसेट आहेच, असे मनाशी म्हटले. काही पावसाळ्यांनंतर कॅसेट काढून पाहिली तर फितीवर बुरशी चढलेली होती. आता उरली आहेत ती सात वेळा फिरणारी ४३ सेकंदे, आणि वहीत उतरवलेली ती ओळ. ती ओळ मला सांगते की ओवीच्या आधी १२.४ सेकंदे होती. त्यांत काय होते ते मला आठवते. आजी विचारत होती, “सुरू झालं का तुयं?” मी ‘हो’ म्हणालो होतो. जाते रिकामेच एकदा फिरले होते. आणि मागे नागपूर-नागभीड छोट्या गाडीचा भोंगा वाजला होता, ज्याला मी त्या वेळी ‘गोंगाट’ म्हटले. रुंदीकरणासाठी ती नॅरोगेज गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. उमरेडच्या कित्येक पिढ्यांनी ज्या भोंग्यावर वेळ ओळखली तो माझ्या फितीवर होता, आणि ओवी ‘शुद्ध’ करण्यासाठी मी तो कापला.

वहीतली ओळ नसती तर काही कापले होते हेही मी विसरलो असतो. ओळीने हरवलेले परत दिले नाही. हरवले आहे एवढे मात्र तिने सांगितले. पाठचिकित्सेत यालाही किंमत असते. जेथे पाठ तुटलेला आहे तेथे तुटल्याची खूण ठेवणे हे संपादकाचे किमान कर्तव्य मानले जाते.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. वर्गात, चर्चासत्रात, रंगमंचावर लोकगीताचा तुकडा फिरवायला, विरवायला माझा विरोध नाही; तशी गरज पडते. पण मूळ मुद्रण हात न लावता जपावे. आवाजावर केलेली प्रत्येक क्रिया लिहून ठेवून त्याच्यासोबत द्यावी. आणि फिरवलेल्या तुकड्याला ओवी म्हणू नये, ओवीवरून केलेली रचना म्हणावे. लोकसाहित्याच्या प्रकल्पात विद्यार्थ्यांकडून ओव्यांचे लिप्यंतर आपण मागतो, तसाच हा आदेशांचा कागदही मागायला हवा. एवढे करायला संगणकशास्त्र लागत नाही. संपादनाची आपलीच जुनी नीती लागते.

धाकटी आजी आता नाही. तिच्याही काही ओव्या नंतर मी मुद्रित केल्या. त्या फायलीची सुरुवात तिच्या खोकल्याने होते आणि शेवटी जाते थांबल्यावर ती म्हणते, “झालं, आता च्या ठेव.” त्यातले एक सेकंदही मी कापलेले नाही.